डोळ्यातली लेन्स आणि क्लीनर साइडची काच



नेत्रतज्ज्ञ आणि ट्रकमालक या परिषदेसारखे एका मांडवात बसल्याचे प्रसंग क्वचितच येतात. वसई-विरारमध्ये असा प्रसंग यायलाच हवा होता. मुंबई-अहमदाबाद महामार्ग इथूनच जातो, आणि रात्री समोरच्या हेडलाइटचा झोत अंगावर घेत गाडी हाकणं म्हणजे काय, हे इथल्या चालकांना वेगळं सांगावं लागत नाही.

डोळ्यात मोतीबिंदू असेल तर हा झोत अधिकच दिपवतो; त्या मोतीबिंदूवरच्या आजच्या इलाजाची कहाणी दुसऱ्या महायुद्धात सुरू झाली. १९४० मध्ये गॉर्डन क्लीव्हर या ब्रिटिश वैमानिकाच्या विमानाचं ॲक्रिलिकचं छत फुटलं आणि त्याचे कण डोळ्यांत घुसले. परका कण डोळ्यात गेला की डोळा बहुधा सुजतो, लाल होतो. हे कण मात्र आत निमूट राहिले. डॉ. हॅरल्ड रिडली यांनी हे हेरलं आणि १९४९ मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्याच ॲक्रिलिकची लेन्स माणसाच्या डोळ्यात बसवण्याचं धाडस केलं. समव्यावसायिकांनी त्यांना वर्षानुवर्षं विरोध केला. पुढे १९९० मध्ये त्याच रुग्णालयात रिडलींच्या स्वतःच्या डोळ्यात कृत्रिम लेन्स बसली!

ही लेन्स आपल्याकडच्या गरिबापर्यंत पोहोचली ती मदुराईच्या ऑरोलॅबमुळे. १९९२ मध्ये सुरू झालेल्या या कारखान्याने परदेशी लेन्सच्या तुलनेत किंमत कितीतरी खाली आणली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात काम केलेल्या डॉ. तात्याराव लहाने यांनी एक लाखाहून अधिक मोतीबिंदू शस्त्रक्रिया केल्या, हा महाराष्ट्राचा अभिमान.

आता गाडीकडे वळू. आपल्या ट्रकचा चालक उजवीकडे बसतो. उंच केबिनमधून क्लीनर साइडला, म्हणजे डावीकडे, दाराच्या अगदी खाली चालणारा सायकलवाला त्याला दिसतच नाही. यावर एक साधा उपाय आहे: फ्रेनेल लेन्स. फ्रान्सच्या ऑगस्टिन फ्रेनेल यांची ही कल्पना १८२३ मध्ये कोर्दुआँच्या दीपगृहात पहिल्यांदा उजळली. जाड भिंगाचा वक्र पृष्ठभाग त्यांनी कड्याकड्यांत कापला आणि काचेचं ओझं उतरवलं. आज त्याच तत्त्वाचा प्लास्टिकचा पातळ पत्रा मिळतो. बोट फिरवलं तर बारीक गोल चऱ्या लागतात. तो खिडकीच्या काचेला लावला की खालचा सायकलवाला लहान, पण स्पष्ट दिसतो. डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या परदेशी ट्रकांना ब्रिटनच्या महामार्ग यंत्रणेने असे पत्रे फुकट वाटले होते.

पण डोळाच धूसर असेल तर पत्रा काय करणार? मोतीबिंदूत समोरचा प्रकाश डोळ्यातच विखुरतो. दिवसा तक्त्यावरची अक्षरं बिनचूक वाचणारा चालक रात्री त्या झोताने आंधळा होऊ शकतो. २००२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या वृद्ध चालकांचे अपघात, ती न झालेल्यांच्या तुलनेत सुमारे निम्मे आढळले. व्यावसायिक परवान्यासाठी फॉर्म १-ए चं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं; त्या तपासणीत झोताने दिपणारा डोळाही पाहिला जावा, असा परिषदेच्या स्वागत समितीचा आग्रह आहे.

मागच्या टेबलावर फ्रेनेलचे पत्रे ठेवले आहेत. जेवणाच्या सुट्टीत चालकांनी बाहेर उभ्या ट्रकवर ते लावून पाहावेत. तोवर शेजारच्या दालनात नेत्रतपासणी सुरू असेल. इथे आलेल्या प्लास्टिक मोल्डिंगवाल्या उद्योजकांनी पत्रा नीट न्याहाळावा. तो वसईच्या औद्योगिक गाळ्यात का बनू नये, यावर दुपारच्या सत्रात त्यांच्याकडूनच ऐकायचं आहे.