भूतान आणि भारत: लहान शेजाऱ्याची मुत्सद्देगिरी

भूतानचे क्षेत्रफळ सुमारे ३८ हजार चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या आठ लाखांच्या आत. उत्तरेला तिबेट, उरलेल्या तिन्ही बाजूंना भारत. समुद्र नाही. अशा देशापुढे मोठ्या शेजाऱ्याशी जुळवून घेण्यावाचून दुसरा मार्ग नसतो. मात्र ते किती आणि कोणत्या बाबतीत, हे ठरवणे त्याच्या हाती राहू शकते. भूतानने संरक्षणाची हमी घेतली, पण घरात कोण येणार आणि बदल किती वेगाने होणार हे स्वतःच ठरवले. सत्तर-पंचाहत्तर वर्षांतले त्याचे यश याच धोरणात आहे.

ब्रिटिशांशी १९१० साली झालेल्या पुनाखा कराराने भूतानचे परराष्ट्र व्यवहार कलकत्त्याच्या सल्ल्याने चालू लागले. स्वतंत्र भारताने ८ ऑगस्ट १९४९ रोजी दार्जिलिंगला नवा करार केला, तेव्हा हेच कलम जवळपास तसेच उचलले. त्या बदल्यात वार्षिक पाच लाख रुपये मिळाले, देवनगिरीचा सुमारे ३२ चौरस मैलांचा पट्टा परत आला आणि अंतर्गत कारभारात ढवळाढवळ न करण्याचे वचनही मिळाले. हे वचन किती मोलाचे होते ते शेजारच्या सिक्कीमकडे पाहिले की कळते. १९५० च्या कराराने भारताचे संरक्षित राज्य झालेले सिक्कीम १९७५ मध्ये भारतात विलीन झाले.

सप्टेंबर १९५८ मध्ये पंतप्रधान नेहरू भूतानला निघाले, तेव्हा भारतातून पारोपर्यंत मोटारीचा रस्ताच नव्हता. गंगटोकहून नाथू ला खिंड ओलांडायची, तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून जायचे आणि मग भूतानचे डोंगर चढायचे, असा घोड्यांवरचा आणि पायी प्रवास इंदिरा गांधींसह त्यांनी केला. या भेटीमागे औंध संस्थानच्या राजघराण्यातले आप्पासाहेब पंत होते. गंगटोकचे राजकीय अधिकारी म्हणून भूतानशी संपर्क राखणे त्यांच्याकडे होते. भूतानने स्वतंत्रच राहावे हीच भारताची इच्छा आहे, असे नेहरूंनी पारोच्या सभेत जाहीरपणे सांगितले. पुढच्याच वर्षी तिबेटमध्ये उठाव चिरडला गेला. तिसरे राजे जिग्मे दोरजी वांगचुक यांनी उत्तरेची सीमा बंद केली आणि देशाचे तोंड दक्षिणेकडे वळवले. १९६१ पासून भारताच्या सीमा रस्ते संघटनेच्या ‘दंतक’ प्रकल्पाने फुंटशोलिंग ते थिंफू रस्ता बांधला. पहिल्या पंचवार्षिक योजनेचा सगळा खर्चही भारतानेच उचलला.

एवढ्या मदतीखाली दबलेला देश सहज मांडलिक झाला असता. भूतानने तसे होऊ दिले नाही. १९७१ मध्ये भारताच्याच पाठिंब्याने तो संयुक्त राष्ट्रसंघात गेला. त्याच वर्षी ६ डिसेंबरला त्याने भारताप्रमाणेच बांगलादेशला मान्यता दिली. मात्र १९७९ च्या अलिप्त राष्ट्रांच्या हवाना परिषदेत कंबोडियाच्या प्रश्नावर त्याची भूमिका भारताहून वेगळी होती. ज्या अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर भारताने सही केली नाही, त्यातही तो १९८५ मध्ये सामील झाला. हे फरक छोटे दिसतात, पण यांनीच स्वतंत्र आवाजाची सवय लावली. डिसेंबर २००३ मध्ये भूतानच्या सैन्याने दक्षिणेकडच्या जंगलांतले उल्फा आणि इतर बंडखोरांचे तळ उद्ध्वस्त केले. भारताची मोठी चिंता दूर झाली. ८ फेब्रुवारी २००७ च्या नव्या करारातून सल्ल्याचे कलम गेले. एकमेकांच्या हिताविरुद्ध आपली भूमी वापरू न देण्याचे बंधन दोघांवर सारखेच आले.

आर्थिक नाते अधिक गुंतागुंतीचे आहे. ३३६ मेगावॉटच्या चुखा प्रकल्पाला भारताने ६० टक्के अनुदान आणि ४० टक्के कर्ज दिले. त्याची वीज भारतात विकून भूतानच्या तिजोरीला बळ मिळाले. पुढच्या प्रकल्पांत कर्जाचा वाटा वाढला. १,२०० मेगावॉटचा पुनात्सांगछू-१ प्रकल्प तर भूस्खलनामुळे वर्षानुवर्षे रखडला. जुलै २०१३ मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, भारताने स्वयंपाकाचा गॅस आणि रॉकेल यांवरील अनुदान थांबवले. ते लवकरच पूर्ववत झाले, पण चुलीपर्यंत पोचलेल्या या निर्णयाने विश्वासाला तडा गेला. तो निर्णय अनाठायीच होता. भूतानही प्रत्येक वेळी होकार देत नाही. चार देशांचा मोटार वाहतूक करार २०१५ मध्ये थिंफूतच झाला, पण बाहेरच्या वाहनांची गर्दी झेपणार नाही म्हणून भूतानच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने तो फेटाळला.

सर्वांत कठीण कसोटी भूतान, चीन आणि भारत यांच्या सीमेजवळच्या डोकलाम पठाराची. चीनशी सीमेची थेट बोलणी भूतानने १९८४ मध्ये सुरू केली. पश्चिमेकडचा डोकलामलगतचा भाग सोडा, उत्तरेकडचा अधिक मोठा प्रदेश तुमचा मानू, असा देवघेवीचा प्रस्ताव चीनने पुढे मांडला. तो भूतानने मान्य केला नाही, कारण डोकलामच्या दक्षिणेला ईशान्य भारताला जोडणारी सिलिगुडीची चिंचोळी पट्टी आहे. २०१७ मध्ये चीनने तिथे रस्ता बांधायला घेतला, तेव्हा भारतीय सैन्य ७३ दिवस समोर उभे राहिले. थिंफूने १९८८ आणि १९९८ च्या करारांचा हवाला देत चीनचा निषेध केला आणि त्यापलीकडे फारसे बोलणे टाळले. २०२१ मध्ये त्याने चीनशी तीन टप्प्यांच्या बोलण्यांचा आराखडा मान्य केला. डोकलामचा प्रश्न तिन्ही देशांनी बरोबरीच्या नात्याने सोडवायचा आहे, असे पंतप्रधान लोटे त्शेरिंग यांनी २०२३ मध्ये सांगितले.