काळी म्हणविणारी बुरशी



ओलसर भाकरीच्या तुकड्यावर दोन दिवसांत बुरशी चढते. आपण तो फेकून देतों आणि विसरतों. तिच्याच गोतांतल्या ‘म्यूकर’ वर्गाच्या बुरशीचे बीजाणू मातींत, कुजलेल्या पाल्यांत, हवेंतहि असतात, आणि ते नकळत आपल्या श्वासाबरोबर आंत जातात. निकोप शरीर त्यांस थारा देत नाहीं. मग २०२१ सालच्या उन्हाळ्यांत, कोविडच्या दुसऱ्या लाटेमागोमाग, आपल्या शहरांत (तेव्हां त्याचें नांव औरंगाबाद होतें) घाटीच्या रुग्णालयांत याच बुरशीनें ग्रासलेले रुग्ण कां येऊं लागले?

आधीं नांवाविषयीं. ‘काळी बुरशी’ हें नांव मोठें फसवें आहे. ही बुरशी स्वतः काळी नव्हे. तिचे तंतू रक्तवाहिन्यांच्या भिंतींत शिरतात, आंत रक्ताच्या गांठी होतात, आणि रक्त पोंचेनासें झालें कीं तेथील मांस मरून काळें पडतें. नाकांतून ती गालाच्या पोकळींत, तेथून टाळूंत, जबड्यांत, डोळ्याच्या खोबणींत आणि अखेर मेंदूंत जाते. औषध जावयाचें रक्तावाटे, आणि ती वाटच बुजलेली. म्हणून शस्त्रवैद्याला मेलेला भाग कापून काढावा लागतो. कित्येकांस जीव वांचविण्यासाठीं डोळा द्यावा लागला.

या रोगाचा खरा सोबती मधुमेह. रक्तांतली साखर भडकली कीं पांढऱ्या पेशी मंदावतात. रक्तांत आम्ल वाढलें कीं प्रथिनांनीं जखडून ठेवलेलें लोह मोकळें होतें, आणि लोहावर तर ही बुरशी पोसते. त्यांत स्टेरॉइडांची भर. पण त्यांना सरसकट दोष देणें मला न्याय्य वाटत नाहीं. प्राणवायूची गरज लागलेल्या कोविडच्या रुग्णांचे प्राण त्यांनीं वांचविले आहेत. दोष आहे तो गरज नसतां तीं घेण्याचा, आणि घेतांना साखर न मोजण्याचा.

औषध ॲम्फोटेरिसिन-बी. गेल्या शतकाच्या सहाव्या दशकांत, व्हेनेझुएलांतील ओरिनोको नदीच्या प्रदेशांतल्या मातींत सांपडलेल्या एका जीवाणूपासून तें मिळालें. बुरशी ही वनस्पतींपेक्षां प्राण्यांची जवळची आप्त, म्हणून तिला मारणारें विष आपल्या मूत्रपिंडांसहि बाधतें. मेदकणांत गुंडाळलेला त्याचा प्रकार त्या मानानें सौम्य, पण फार महाग. आणि मे २०२१ मध्यें तोच मिळेना. औषधाच्या तुटवड्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढें गेला.

हा रोग एकापासून दुसऱ्यास होत नाहीं. रुग्णाजवळ बसण्यास भिऊं नये. मात्र मधुमेह्याच्या चेहऱ्याची एक बाजू दुखूं किंवा बधिर होऊं लागली, नाकांतून काळपट स्राव आला, एका वस्तूच्या दोन दिसूं लागल्या, तर सकाळची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें.