वायुवाहिनीचे भाडे कोणी ठरवावे?



आमच्या रामाकोन्याहून टाकलेले पोस्टकार्ड सौसरला जावो की कन्याकुमारीला, त्याचा दर एकच असतो. पण तोच मनुष्य स्टेशनवर गेला, की जितके अंतर तितके भाडे त्याला मोजावे लागते. या दोहोंपैकी न्याय्य रीत कोणती, असे मी वर्गात विचारतो तेव्हा मुलांचे दोन तट पडतात. नैसर्गिक वायू वाहून नेणाऱ्या नळांच्या भाड्याविषयी आपल्या देशातही हाच वाद झाला. आज त्याविषयी चार शब्द बोलावयाचे आहेत.

प्रथम प्रश्न असा, की हे भाडे सरकारी मंडळाने ठरवावेच कशासाठी? संत्र्याच्या हंगामात एखादा ट्रकवाला अवाच्या सवा भाडे मागू लागला, तर बागाईतदार दुसरा ट्रक पाहतो. जमिनीखालच्या नळाला मात्र शेजारी दुसरा नळ नसतो. तेथे मक्तेदारी आपोआप निर्माण होते. म्हणून २००६ च्या कायद्याने पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळ स्थापण्याची तरतूद झाली.

मंडळाचा हिशेब शाळकरी मुलालाही समजेल असा आहे. नळासाठी गुंतविलेले भांडवल, चालविण्याचा खर्च आणि भांडवलावर करोत्तर १२ टक्के परतावा यांची बेरीज करावयाची व तिला वाहून नेलेल्या वायूने भागावयाचे. समजा, खर्च १०० रुपये आणि वायू १० मापे. मग मापामागे १० रुपये पडले. वायू ५ मापेच गेला, तर तोच दर २० रुपये होईल. ट्रक अर्धा भरला तरी भाडे पूर्णच द्यावे लागते, तसे हे आहे. रिकाम्या नळाचा सारा भार ग्राहकावर पडू नये, म्हणून भागाकारासाठी ठराविक किमान वापर गृहीत धरण्याची सोय नियमांत आहे.

आता अंतराचा प्रश्न. वायू दोन-तीन कंपन्यांच्या नळांतून आला, की प्रत्येकीचे भाडे वेगळे द्यावे लागे. पश्चिम किनाऱ्यापासून जो जितका दूर, तितका तो अधिक भरडला जाई. १ एप्रिल २०२३ पासून परस्परांना जोडलेल्या नळांचे एकीकृत भाडे सुरू झाले. ३०० किलोमीटरपर्यंत, तेथून १,२०० पर्यंत आणि त्यापलीकडे असे तीन टप्पे पडले. १ जानेवारी २०२६ पासून टप्पे दोनच राहिले. घरगुती स्वयंपाकाचा नळवायू आणि वाहनांचा सीएनजी यांना अंतर कितीही असो, पहिल्या टप्प्याचाच दर लागू झाला. थोडक्यात, चुलीला पोस्टकार्डाचा न्याय मिळाला आणि कारखान्याकडे रेल्वे तिकिटाचा न्याय राहिला.

आम्हां आतल्या मुलखातील लोकांना हे मोलाचे आहे. मुंबई-नागपूर-झारसुगुडा वायुवाहिनीचा मुंबई ते नागपूर हा भागच सुमारे ७०० किलोमीटरचा आहे, आणि याच योजनेत नागपूरहून जबलपूरकडे जाणारी शाखाही धरलेली आहे. केवळ अंतराने दर ठरता, तर आमच्या गृहिणीने समुद्रापासून दूर राहण्याचा दंडच भरला असता.

तथापि एक धोका लक्षात घ्यावयास हवा. एकीकृत भाडे सर्वांकडून गोळा होते, पण प्रत्येक कंपनीला तिच्या मंजूर दराप्रमाणे वाटा मिळतो. एखादीने नळ गरजेपेक्षा मोठा टाकला, तर ती उधळपट्टी सर्वांच्या बिलांत विरघळून जाते आणि कोणालाच टोचत नाही. खर्चावर ठराविक परतावा मिळू लागला, की कंपनीला भांडवल फुगविण्याचा मोह होतो, असे ॲव्हर्च आणि जॉन्सन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६२ सालीच दाखवून दिले होते. ब्रिटनने १९८६ मध्ये ब्रिटिश गॅस कंपनी भागधारकांना विकली, तेव्हा निराळी वाट धरली. दरवाढ महागाईपेक्षा काही टक्क्यांनी कमीच ठेवावयाची आणि त्याहून अधिक काटकसर साधली तर ती बचत त्या मुदतीपुरती कंपनीने ठेवावयाची. काटकसरीला असे बक्षीस असावे, हा विचार आपल्याकडेही व्हावयास हवा.

भाडे ठरविण्यापूर्वी मंडळ प्रस्ताव प्रसिद्ध करून लोकांची मते मागविते. तेथे कंपन्या बोलतात, मोठे कारखानदार बोलतात. घरगुती ग्राहकाचा आवाज क्वचितच ऐकू येतो. अंतराचा भार सर्वांनी वाटून घ्यावा, हे योग्यच आहे. परंतु आळसाचा आणि उधळपट्टीचा भारही आपण नकळत वाटून घेत नाही ना, एवढे विचारण्याचा हक्क मात्र आपण सोडता कामा नये.