मुंबईत जागा नाही, म्हणून वाढवण?

(अँटॉप हिल, मुंबई इथल्या कामगार वस्तीत झालेल्या सभेत आपल्या डहाणूच्या कार्यकर्त्यांनी केलेलं भाषण. ज्यांना सभेला जाता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत. पाड्यात वाचून दाखवावं.)



आम्ही पहाटे डहाणूहून शटल धरली, विरारला लोकल पकडली, दादरला उतरून बसने इथे आलो. शहरात आम्ही येतो ते बहुतेक वेळा मजुरीला. आज बोलायला बोलावलंत, त्याबद्दल तुमचे आभार.

आमच्याकडे वाढवण नावाचं गाव आहे. डहाणू तालुक्यात, समुद्राला लागून. १९९७ ला तिथे मोठं बंदर बांधायची बोलणी सुरू झाली. पी अँड ओ ही परदेशी कंपनी ते बांधणार होती. सरकारचं म्हणणं असं की मुंबई भरली, आता धंद्याला जागा नाही, उत्तरेकडे सरकलं पाहिजे. आम्ही विचारतो, मुंबई भरली कोणासाठी?

तुमच्या वस्तीतून पूर्वेला बघा. मिठागरं, खाडी, आणि खाली कुलाब्यापर्यंत पोर्ट ट्रस्टची जमीन, गोदामं. पोर्ट ट्रस्ट १८७३ ला स्थापन झाला. समुद्रात भराव घालून त्याने जमीन केली, आणि ती भरली हमालांनी, गोदी कामगारांनी. १९८९ ला न्हावा शेवाचं बंदर चालू झालं आणि कंटेनर तिकडे जायला लागले. इथल्या गोदीतलं काम कमी झालं. जमीन मात्र जागेवरच आहे. पश्चिमेला परळ, लालबागला जा. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. १९९१ च्या नियमाप्रमाणे गिरणीची जमीन मोकळी केली तर एक हिस्सा महापालिकेला, एक हिस्सा म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. कागदावर चांगला नियम होता. त्यातून किती गिरणी कामगारांना घर मिळालं, ते आमच्यापेक्षा तुम्हालाच ठाऊक.

म्हणजे जागा आहे. काम गेलं, जागा राहिली. जागेला आता सोन्याचा भाव आला, म्हणून ती कामगाराला द्यायची नाही. आणि बंदराला स्वस्त जागा पाहिजे, म्हणून डहाणू.

स्वस्त का? कारण आमच्या जमिनीला कागद नाही. हे नीट समजून घ्या. बंदर म्हणजे नुसता धक्का नव्हे. त्याला रस्ता लागतो, रेल्वेचा फाटा लागतो, कंटेनर ठेवायला मैदानं, गोदामं, साहेबांच्या कॉलन्या लागतात. समुद्रात भराव घालायला दगड लागतो, तो डोंगर फोडूनच येणार. वाढवणच्या किनाऱ्यावर मच्छीमार आहेत, बागायतदार आहेत, घरात डाय बनवणारे कारागीर आहेत. त्यांचं सगळं जाणार, त्यांचा लढा खरा आहे. पण किनाऱ्यापासून रेल्वेपर्यंत आणि रेल्वेपासून हायवेपर्यंत जी वाट जाईल ती आमच्या पाड्यांतून जाईल. आमच्यातले कित्येक जण जंगलातले एकसाली प्लॉट कसतात. आजोबांनी कसला, बापाने कसला, सातबाऱ्यावर नाव नाय. जमीन संपादन झाली की पैसे सातबाऱ्याला मिळत आले, माणसाला नाही. ज्याचं नाव नव्हतं तो उठलाच, पण विस्थापित म्हणून मोजलासुद्धा गेला नाही.

उरणकडे बघा. जानेवारी १९८४ ला शेतकऱ्यांनी जमिनीच्या भावासाठी लढा दिला, गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची गोष्ट निघाली. पण तीही ज्याची जमीन गेली त्याला. दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या कातकऱ्याच्या वाट्याला त्यातलं काय येणार? शून्याचे साडेबारा टक्के शून्यच.

काही तरुण पोरं आम्हाला विचारतात, बंदर आलं तर नोकऱ्या येतील ना? हा प्रश्न चुकीचा नाही. बारावी शिकून आम्हीही घरी बसलो आहोत. पण आमच्या भागात एक मोठा प्रकल्प आला तेव्हाही हेच सांगितलं होतं. बांधकाम चालू असेपर्यंत माती उचलायला आम्ही चाललो. ठेकेदाराच्या वहीवर अंगठे घेतले. काम संपलं, गेटच्या आत बाहेरून आलेली शिकलेली माणसं गेली आणि आम्ही गेटच्या बाहेर. बंदरात तर क्रेन माल उचलते. हमालाला काम किती उरतं, ते इथले गोदीवाले सांगतील.

दुसरं कोणी म्हणतं, बागायतदारांच्या बरोबर कशाला बसता, त्यांनी मजुरी कमी दिली तुम्हाला. खरं आहे. १९४५ च्या वारली उठावात आमच्या म्हाताऱ्यांनी वेठबिगारी मोडली ती जमीनदारांच्या विरोधातच. तळवाड्याला गोळ्या खाल्ल्या. ते आम्ही विसरलो नाही. मजुरीचं भांडण आम्ही वाडीत करू. पण वाडीच गेली तर भांडायचं कोणाशी? म्हणून बंदराच्या विरोधात एकत्र, मजुरीसाठी वेगळे. दोन्ही उघड सांगून.

आता कायद्याचं. १९९१ ला केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक ठरवला. उद्योगांना सगळ्या तालुक्यात मिळून ५०० एकरांची मर्यादा घातली. १९९६ ला सुप्रीम कोर्टाने आदेश दिला, त्यावरून न्यायमूर्ती धर्माधिकारींच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण बसलं. सप्टेंबर १९९८ ला प्राधिकरणाने सांगितलं, इथे बंदर करता येत नाही, ते बेकायदेशीर आहे. तेव्हा आपण जिंकलो होतो. पण कागदाने थांबवलेलं काम कागदाने पुन्हा चालू होऊ शकतं. नोटिफिकेशन बदलायला किती वेळ लागतो? डहाणू पाचव्या अनुसूचीत आहे. १९९६ च्या पेसा कायद्यात लिहिलं आहे की जमीन घेण्याआधी ग्रामसभेचा किंवा पंचायतीचा सल्ला घ्यावा. पण सल्ला म्हणजे परवानगी नव्हे, आणि त्या ‘किंवा’मधून ग्रामसभेला बाजूला काढता येतं. म्हणून पाड्यापाड्यात ग्रामसभा भरल्या पाहिजेत, ठराव लिहिले पाहिजेत, त्यावर बायांच्या सह्या पाहिजेत.

हल्ली साहेब लोक टिकाऊ विकास म्हणतात. शब्द चांगला आहे. आमची कसोटी साधी आहे. शहर वाढलं तेव्हा ज्याच्या जमिनीवर वाढलं तो टिकला का? १८९२ ला तानसा धरण झालं, मग वैतरणा झालं. मुंबईच्या नळाला ठाणे जिल्ह्याचं पाणी आलं. आमच्या बाया मार्च लागला की अजून डवऱ्यातून वाटीने पाणी भरतात. तुम्हालाही वस्तीत नळावर रांग लावावी लागते, ते येताना बघितलं. मग आमचं पाणी जातं कुठे? हा प्रश्न आपण दोघांनी मिळून विचारायचा आहे.

म्हणून आमच्या मागण्या अशा: वाढवण बंदर कायमचं रद्द करा. डहाणूचं नोटिफिकेशन बदलू नका. कसणाऱ्याच्या प्लॉटवर कसणाऱ्याचं नाव लावा. ग्रामसभेच्या परवानगीशिवाय एक गुंठा घेऊ नका. आणि मुंबईत गोदीची, गिरणीची जी जमीन मोकळी होईल तिच्यावर आधी कामगारांची घरं आणि काम, मग बाकीचं. शेवटची मागणी तुमची आहे, पण आम्ही ती आमच्या सभेतही मांडणार.

तुम्ही एकदा डहाणूला या. भाकर आहे, मच्छी आहे, झोपायला ओटा आहे. पोस्टर वाचून वाढवण कळणार नाही.

जिंदाबाद!