दुर्बिणीआधी एक वही
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपण सर्वांनी मिळून शाळेला दुर्बीण भेट द्यावी, असा ठराव आज जेवणानंतर येणार आहे. मी त्याला विरोध करायला उभा राहिलेलो नाही. माझं म्हणणं एवढंच, की दुर्बिणीच्या आधी मुलांच्या हाती एक वही द्या आणि महिनाभर चंद्राची नोंद करायला सांगा. मी आयुष्यभर भूगोल शिकवला. कपाटात कुलूपबंद झालेल्या दुर्बिणी मी पुष्कळ पाहिल्यात. एके ठिकाणी तर कपाटाची किल्लीच सापडत नव्हती.

मैंदर्गीला चंद्र काही नवा नाही. आपल्यापैकी अनेकांनी घरात 'हुण्णिमे' म्हटलं आणि शाळेत येऊन 'पौर्णिमा' लिहिलं. कुणाच्या घरी संकष्टीला चंद्र उगवेपर्यंत ताट वाढलं जात नाही, तर कुणाच्या घरी रमजानच्या २९व्या रोजाला सगळे गच्चीवर चढतात. येळ अमावस्येला तर अख्खं गाव शेतात जेवायला जातं. आता गंमत पाहा. सोलापूरची सिद्धेश्वराची यात्रा संक्रांतीची, म्हणजे सूर्याच्या हिशेबाची, म्हणून ती जानेवारीच्या मध्यावर ठरलेली. येळ अमावस्या चंद्राची, म्हणून ती डिसेंबर-जानेवारीत मागेपुढे होते. चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांत संपतात. उरलेला ११ दिवसांचा फरक आपण अधिक महिना घालून भरून काढतो. हिजरी सनात तशी सोय नाही, म्हणून रमजान सगळ्या ऋतूंतून फिरून येतो.

एवढं सगळं चंद्रावर चालतं, आणि तरी चंद्र कधी उगवतो असं मुलांना विचारलं तर उत्तर येतं, "रात्री." हे नेहमीच खरं नसतं. शुद्ध अष्टमीचा चंद्र भर दुपारी उगवतो. शाळा सुटताना मैदानात उभं राहून पूर्वेला वर पाहिलं, तर तो दिसतो. दिवे लागायच्या वेळी तो डोक्याजवळ असतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. वद्य अष्टमीचा चंद्र याच्या उलट. तो मध्यरात्री उगवतो आणि सकाळी प्रार्थनेच्या वेळीही आकाशात असतो.

मुलांनो, हात ताठ करून मूठ धरा. ती मूठ आकाशात साधारण १० अंश झाकते. आज संध्याकाळी सात वाजता चंद्र जिथे असेल, तिथून उद्या सातला तो एका मुठीहून थोडा जास्त पूर्वेला सरकलेला दिसेल, सुमारे १३ अंश. त्याच काळात सूर्यही एक अंश सरकतो. दोघांमधलं अंतर १२ अंशांनी वाढलं की एक तिथी होते. तिथी म्हणजे एवढंच. चंद्राचा वेग कमीजास्त होतो, म्हणून तिथी लहानमोठी होते आणि कधी एखादीचा क्षयही होतो.

चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो, असं पुस्तकात असतं. ते सरासरी म्हणून बरोबर आहे, पण वहीत ५० हा आकडा क्वचितच येईल. आपल्याकडे तो कधी ४०च्या आसपास असतो, कधी तासाला भिडतो. चंद्राचा मार्ग क्षितिजाशी किती तिरपा आहे, त्यावर ते ठरतं. म्हणूनच दिवाळीच्या आसपासच्या संकष्टीला आठ-सव्वाआठलाच सुटका होते आणि उन्हाळ्यात दहा वाजून जातात. उपास करणाऱ्या बायकांना हे कधीचं माहीत आहे. कारण मात्र त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

महिन्यात एक दिवस वहीतला चंद्रोदयाचा रकाना रिकामा राहील. मुलं म्हणतील, सर, काहीतरी चुकलं. चुकलेलं नसतं. समजा १८ तारखेला चंद्र रात्री ११.३५ला उगवला, तर त्यानंतरचा चंद्रोदय रात्री १२.२५ला, म्हणजे २० तारखेत गेला. १९ तारखेच्या वाट्याला चंद्रोदय आलाच नाही. माझ्या मते सबंध महिन्यातली ही सर्वांत मोलाची नोंद.

आणखी एक. भिंतीवरच्या कॅलेंडरात वेळ मुंबईची असेल, तर आपला चंद्र त्याआधी सुमारे १४ मिनिटं उगवलेला असतो, कारण आपण मुंबईच्या पूर्वेला साडेतीन अंशांच्या आसपास आहोत. म्हणून छापलेली वेळ कुठल्या गावाची, हे आधी बघायचं. चांगल्या पंचांगाची तुम्हा-आम्हाला वाण नाही, दाते पंचांग सोलापुरातूनच निघतं. आणि पलीकडे बागलकोटला वेंकटेश बापूजी केतकर (१८५४–१९३०) शाळामास्तर होते. नोकरी सांभाळून त्यांनी 'ज्योतिर्गणित' लिहिलं आणि पंचांगातलं गणित आकाशाशी जुळलंच पाहिजे, असा आग्रह धरला. आपल्या भागातला एक मास्तर हे करू शकला, एवढं मुलांनी लक्षात ठेवावं.

आता दुर्बिणीकडे येतो. उत्साहाने लोक ती पौर्णिमेला बाहेर काढतात आणि हिरमुसतात, कारण ऊन समोरून पडल्यामुळे चंद्र सपाट, पांढरा दिसतो. अष्टमीच्या आसपास ऊन बाजूने येतं. उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या कडांच्या सावल्या लांब पडतात आणि खोली डोळ्यांना कळते. ती संध्याकाळ कोणती, हे ज्याची वही भरलेली आहे त्याला विचारावं लागणार नाही.

सुरुवात येत्या शुद्ध द्वितीयेला करू. सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासाने मैदानात पश्चिमेकडे तोंड करून उभं राहायचं. रोज जागा तीच ठेवायची, कारण जागा बदलली की झाडं-घरं बदलतात आणि वेळाही. रकाने पाच: तारीख, चंद्र दिसला ती वेळ, कुठल्या झाडावर किंवा घरावर, किती मुठी उंच आणि आकाराचं चित्र. ढग असतील तर 'ढग' लिहायचं, अंदाजे काही भरायचं नाही. मध्यरात्रीचे आणि पहाटेचे चंद्रोदय मुलांनी एकट्याने पाहायचे नाहीत, घरचं कुणीतरी सोबत जागेल. वह्यांचे पैसे मी सकाळीच कार्यालयात भरलेत. दुर्बिणीचा ठराव जेवणानंतर खुशाल मंजूर करा.