अवधान

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी 'चार शब्द बोला' म्हणून आग्रह केला. मी काही विदुषी नव्हे. चार नाही, एकच शब्द घेऊन आले आहे. तो म्हणजे 'अवधान'.

हा शब्द संस्कृतातला. 'अव' म्हणजे खाली आणि 'धा' म्हणजे ठेवणे. डोईवरची घागर आपण जपून खाली ठेवतो, तसे मन एका जागी टेकवणे, ते अवधान. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. तिच्या नवव्या अध्यायाच्या आरंभीच ज्ञानेश्वर महाराज श्रोत्यांपाशी मागतात ते अवधानच. म्हणजे ती देण्याची वस्तू आहे.

गंमत अशी की रोजच्या बोलण्यातून हा शब्द बहुतेक गेला आणि उरले ते 'अनवधान'. चूक झाली की आपण म्हणतो, 'अनवधानाने झाली हो!'

आणखी एक शब्द उरला आहे, 'अष्टावधानी'. तेलुगू मुलखात अष्टावधानाची जुनी परंपरा आहे. आठ पृच्छक एका कवीला प्रश्न घालतात. कोणी समस्यापूर्ती मागतो, तर कोणी मुद्दाम अवांतर बोलून त्याचे चित्त ढळवू पाहतो. कवी प्रत्येकाचे ध्यानात ठेवतो आणि शेवटी रचलेली पद्ये पुन्हा म्हणून दाखवतो. आपल्याकडे एका वेळी दहा कामे उरकणाऱ्या बाईला अष्टावधानी म्हणतात. मलाही म्हणत, आणि मला त्याचा अभिमान वाटे.

गेल्या वर्षी माझ्या सासूबाई दोन-तीनदा म्हणाल्या, "अगं, मला पायरी नीट दिसत नाही." पोळ्या लाटता लाटता, मोबाईल कानाशी धरून, मी 'हो हो' म्हटले. पंधरा दिवसांनी त्या जिन्यात पडल्या. मनगट मोडले. मग डोळे तपासले, तेव्हा मोतीबिंदू निघाला. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "मी सांगितलं होतं गं तुला."

'अनवधानाने राहिले' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. ते मी गिळले. तो कवी आठांचे ऐकतो. मी एकीचेही ऐकले नव्हते.

आता तिन्हीसांजेला दिवा लावला की मी पाव तास त्यांच्यापाशी बसते. हात रिकामे, मोबाईल आतल्या खोलीत. त्यांच्या माहेरच्या विहिरीची गोष्ट मी कितीदा तरी ऐकली आहे. परवा त्यातच त्या हळूच म्हणाल्या, "डाव्या कानाने हल्ली कमी ऐकू येतं." दुसऱ्याच दिवशी आम्ही डॉक्टरांकडे गेलो.

'समाधान' हा शब्दही त्याच 'धा' धातूपासून झाला आहे. भगिनींनो, आज घरी गेल्यावर कोणा एकाजवळ रिकाम्या हातांनी बसा.