शीतनिद्रेंतील साप

श्रोत्यांनीं क्षणभर कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांताची कल्पना करावी. तेथें नार्सिस या खेड्याजवळ चुनखडीच्या खोल कपारी आहेत. थंडी पडूं लागली कीं हजारों गार्टर साप त्यांत उतरतात आणि सहा महिन्यांहून अधिक काळ अन्नावांचून पडून राहतात. उन्हाळ्यांत शरीरांत सांठविलेली शिदोरी पुरली, तरच वसंत दिसावयाचा!

ही शिदोरी बेतानें खर्च व्हावी, यासाठीं चयापचय मंदावणें अवश्य असतें. मनुष्यांत चयापचयाची भट्टी पेटती ठेवण्यांत थायरॉईड ग्रंथीच्या स्रावाचा मोठा वांटा आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांत मात्र हा स्राव उष्णतेचा अंकित असतो. सरड्यांना तो टोंचून पाहिला, तेव्हां ऊबदार स्थितींत त्यांचा प्राणवायूचा खप वाढला. गारठ्यांत तो जवळजवळ निष्फळ ठरला. हुकूम सुटला, तरी थंड पेशी तो ऐकत नाहींत! शीतनिद्रा घेणारी खार आंतून तापून जागी होते. सापाला तें साधत नाहीं. कपार गोठली तर मरण, आणि ऊबदार राहिली तर शिदोरी लवकर संपते.

बाहेर येतांच नर माद्यांच्या मागें लागतात. नवल असें कीं, त्या वेळीं त्यांच्या रक्तांत वृषणांचा स्राव अगदीं थोडा असतो; वृषणें काढलेले नरही प्रणयाराधन करतात. उलट, शीतनिद्रेपूर्वीं मेंदूंतील पिनिअल ग्रंथि काढलेले कित्येक नर वसंतांत उदासीन राहिले, असें १९८७ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलें. हिंवाळा सरल्याची वर्दी शरीराला देण्यांत या इवल्याशा ग्रंथीचा हात असावा. प्रणयाच्या दिवसांतही नर कांहीं खात नाहींत. हा सारा खटाटोप उरल्यासुरल्या शिदोरीवरच चालतो.